आजी, दोन मुलं आणि एक तंबू: मुंबईजवळ मुक्कामाची जागा कशी निवडावी

प्रश्न डोंबिवलीच्या एका कुटुंबाचा आहे. नवरा-बायको, चार आणि नऊ वर्षांची मुलं, आणि गुडघे कुरकुरणाऱ्या आजी. नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदाच तंबूत राहायचंय, पण लोणावळ्याजवळचं पवना धरण की अलिबागजवळचं नागाव हे ठरत नाही. ते जमलं तर फेब्रुवारीत कॅराव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात चार दिवस फिरायचा बेत आहे. दोन्हींसाठी जागा कशी निवडायची, असं त्यांनी विचारलंय.

पवना की नागाव हा प्रश्न मी तरी तिसऱ्या-चौथ्या नंबरवर ठेवीन. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे दुपारी पोचून दुसऱ्या दिवशी सकाळी निघणाऱ्या माणसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंधारात जातो. तळं, तुंग-तिकोना किल्ल्यांची रांग, सूर्यास्त हे सगळं दोन-तीन तासांचं. उरलेला वेळ तुम्ही जमिनीवर झोपणार, उठणार, मुलांना शू करायला नेणार. लोक जागा निवडतात दिवसाच्या फोटोवरून आणि वैतागतात रात्री. जागा रात्रीसाठी निवडायची, हे एवढं धरून चाललात की बाकीचं बरंच आपोआप जुळतं.

तर पहिली चौकशी संडासाची. लाजायचं काही कारण नाही. फोनवर विचारलंत की ठरलेलं उत्तर येतं, ‘मॅडम, सगळी सोय आहे, काही टेन्शन घेऊ नका.’ या वाक्यातून काहीही कळत नाही. नेमकं विचारा: शनिवारी रात्री एकूण माणसं किती असतात आणि संडास किती? दहा-बारा माणसांमागे एक असेल तर ठीक, पन्नास जणांत दोन असतील तर सकाळी सात वाजता रांग लागणारच. त्यातला कमोड किती? आजींच्या गुडघ्यांचा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडकतो. तंबूपासून तिथवर पायऱ्या आहेत का? रात्रभर दिवा असतो का, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालतो का? शेवटी मालकाला सांगा, ‘दादा, तंबूच्या दारापासून संडासापर्यंत चालत जातानाचा एक व्हिडिओ काढून पाठवा.’ ज्याची जागा बरी आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. जो ‘रेंज नाहीये, नंतर पाठवतो’ म्हणतो, त्याने आठवण केल्यावरही नाही पाठवला, तर पुढचा नंबर लावा. त्या एका व्हिडिओत पायवाट, उतार, दिवे, तंबू एकमेकांना किती चिकटलेत, सगळं दिसतं. फोटोतल्या फुलांच्या कमानीपेक्षा हे कितीतरी उपयोगाचं.

दुसरी चौकशी शेजाऱ्यांची. पवनेच्या काठाला शनिवारी रात्री काय वातावरण असतं हे तिथे जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. ऑफिसची पोरं, वाढदिवस, स्पीकर. ‘फॅमिली कॅम्प आहे का?’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी असं विचारा, ‘त्या रात्री नुसत्या तरुण पोरांच्या ग्रुपचं बुकिंग घेतलंय का? स्पीकर किती वाजता बंद होतो?’ रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्यानेच मनाई आहे, 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. तरी नियम आहे म्हणून तुमच्या चार वर्षांच्या मुलाला झोप लागेल असं नाही, कारण स्पीकर तुमच्या कॅम्पचा बंद झाला तरी शेजारच्या कॅम्पचा चालूच असतो आणि पाण्यावरून आवाज लांबवर येतो. यावर एकच खात्रीचा उपाय, वार बदलणे. रविवारी दुपारी जाऊन सोमवारी परत यायचं, किंवा सुट्टीतला मंगळवार-बुधवार पकडायचा. तीच जागा, तेच पोहे, आणि रात्री रातकिड्यांशिवाय कोणी नाही. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी या दिवसांत शनिवार-रविवार तर नकोच. घाटात अडकाल ते वेगळंच.

आता जमिनीबद्दल, आणि इथे जरा रेंगाळतो, कारण हे कोणी सांगत नाही.

मावळात आणि कर्जत-इगतपुरीकडे बरेचसे कॅम्प भातखाचरात असतात. भात कापून झाला की नोव्हेंबरपासून तीच जमीन तंबूला मोकळी होते. सपाट असते, दिसायला छान. पण खाचर हे परातीसारखं असतं: पाणी आत राहावं म्हणूनच त्याला चारी बाजूंनी बांध घातलेला असतो. अवकाळी पावसाची एक तासाची सर आली तरी पाणी जाणार कुठे? ते तुमच्या चटईखाली. म्हणून खाचरात तंबू असेल तर बांधाला लागून, वरच्या अंगाचा कोपरा मागा. बांध फोडून पाण्याला वाट करून दिलेली असते, ती कुठे आहे बघा आणि तिच्यापासून लांब राहा. धसकटं नीट काढलीत का तेही पाहा. कापलेल्या भाताचे ते बुंधे वाळले की तंबूच्या तळातून टोचतात, आणि एकदा तळाला भोक पडलं की जमिनीची ओल आत आलीच.

खाचर नसेल, उताराची जमीन असेल, तर पाण्याची जुनी वाट शोधा. सुकलेली पानं, काटक्या, भुसा एका रेषेत अडकलेला दिसतो, गवत एकाच दिशेला झोपलेलं असतं, मधेच गुळगुळीत गोटे असतात. पावसाळ्यात पाणी तिथूनच गेलंय आणि पुन्हा तिथूनच जाईल. मग पाण्याची भरलेली बाटली जमिनीवर आडवी ठेवा. गडगडत गेली तर तुम्हीही रात्रभर एकमेकांवर घसरत राहाल. किंचित उतार चालतो, डोकं वरच्या बाजूला ठेवायचं. तंबूच्या तळाखाली ताडपत्री घालत असाल तर तिची कड तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये. बाहेर राहिली की पावसाचं आणि दवाचं पाणी गोळा करून ती बरोबर तुमच्या पाठीखाली आणून सोडते.

दवाचं तर आवर्जून सांगायला हवं. डिसेंबरात पवनेसारख्या तळ्याकाठी पहाटे तंबू बाहेरून ओला निथळत असतो आणि आतून श्वासाच्या वाफेने. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या खिडक्या गच्च बंद करतात आणि पांघरुणं ओली करून घेतात. वरची जाळी उघडी ठेवा. थंड हवा जड असते, ती सखल भागात, पाण्याच्या काठाशी येऊन साचते. म्हणून काठापासून पंधरा-वीस फूट उंचावरची जागा ‘लेक टच’ जागेपेक्षा उबदार असते. लेक टचसाठी जास्तीचे पैसे घेतात, तेवढे वाचतातही. झाडाखाली दव कमी पडतं, मात्र वर सुकलेली फांदी नाही ना आणि आग्या मोहोळ नाही ना, हे मान वर करून पाहायचं. शेकोटीचा धूर त्या मोहोळापर्यंत गेला तर पळायलाही जागा पुरत नाही.

तंबू ‘चार जणांचा’ म्हणतात तो चार अंगं खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून. दोन मोठे, दोन मुलं असतील तर सहा जणांचा मागा. आजींना तंबू नको, पण त्याबद्दल शेवटी.

पाण्याची पातळी हा वेगळा मुद्दा आहे. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. पावसाळा संपताना धरण काठोकाठ असतं, पुढे महिन्यागणिक ते मागे हटत जातं. ऑक्टोबरात तंबूच्या पायाशी असलेलं पाणी मे महिन्यात चिखलाच्या भेगांपलीकडे गेलेलं असतं. म्हणून फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते विचारा. डिसेंबरात पाणी चांगलं असतं, पण काठ फसवा असतो. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध, खड्डे, गाळ असतो. गुडघाभर पाण्यात उभं असलेलं मूल पुढच्या पावलाला छातीपर्यंत जातं. पोहता येणाऱ्यांचाही पाय गाळात अडकतो. मुलांना पाण्यात सोडायचं नाही, एवढाच नियम ठेवा, त्याला अपवाद करू नका.

नदीकाठ निवडत असाल तर आणखी एक गोष्ट. कर्जतकडची पेज, खोपोलीची पाताळगंगा, कोलाडची कुंडलिका या नद्या उन्हाळ्यातही वाहतात, कारण वरच्या टाटांच्या धरणांचं पाणी वीज तयार करून त्यांत सोडलं जातं. भिवपुरी, खोपोली, भिरा ही ती वीजघरं. कोलाडचं राफ्टिंग या सोडलेल्या पाण्यावरच चालतं. म्हणजे आभाळ निरभ्र असताना, कुठे थेंबही पडलेला नसताना नदीचं पाणी चढू शकतं. काठावरच्या मोठ्या दगडांवर ओलीची रेघ दिसते, तंबू आणि मुलांचा खेळ त्या रेघेच्या बराच वर. पाणी किती वाजता येतं ते गावातल्या माणसाला माहीत असतं, त्याला विचारायचं.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, लहान मुलं घेऊन तंबूत राहायचं मी कोणालाही सुचवत नाही. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्यासमोर बाजारातला कुठलाही तंबू फार वेळ टिकत नाही. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती नुसती पाण्यात उभी होती. काजव्यांसाठी मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याकडे जायचं असेल तर काजवे पाहावेत आणि झोपायला पक्कं घर घ्यावं. तेव्हा संध्याकाळी वळीव येतो, विजा कडाडतात. विजेच्या वेळी तंबूत थांबायचं नाही, गाडीत बसायचं आणि काचा वर करायच्या.

आता नागाव. समुद्रकाठी वाळूत तंबू ठोकायची हौस सगळ्यांना असते. मला वाडीतली, म्हणजे घराभोवतीच्या नारळ-सुपारीच्या बागेतली जागा आवडते, सुरूच्या बनाच्या आतल्या अंगाला. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून पुरायला लागतात. दुपारी खारं वारं पश्चिमेकडून जोरात येतं, रात्री उलटं जमिनीकडून समुद्राकडे सुटतं, त्यामुळे दार कुठल्याही एका बाजूला केलं तरी कधीतरी वारा घुसणारच. आणि भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती सर्वांत वर येते. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या. तासभर इकडेतिकडे धरायचं. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा, पण बेत आखायला कालनिर्णय पुरतं. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघायचाय ना? मग तारीख ठरवतानाच तिथी बघा. वाडीत नारळाखाली तंबू लावू देऊ नका. नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वाळलेलं झावळंही कमी वजनाचं नसतं.

नागावचा मोठा फायदा दोन गोष्टींत. अलिबागचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे, आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. 2020 पासून सुरू आहे, गाडी बोटीत चढवायची आणि तासाभरात पलीकडे. मुलांना त्या बोटीचीच जास्त मजा वाटते. डोंबिवलीहून मात्र भाऊच्या धक्क्यापर्यंत येण्यात वेळ जातो, तुम्हाला पनवेल-पेण रस्ता सोयीचा पडेल.

रुग्णालयाचं उगाच म्हटलेलं नाही. कुठलीही जागा ठरवण्याआधी नकाशावर सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय बघा, तासाभराच्या आत हवं. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी साप, आणि सरकारी रुग्णालयांत मिळणारी प्रतिविषाची लस या चौघांवर चालते. यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावलेलं कित्येकदा कळतही नाही, म्हणून तंबूची चेन रात्रभर बंद, बूट आत, आणि अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नाही. खाण्याचं काही तंबूत ठेवायचं नाही. उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. काही झालंच तर 108. तिथे फोनला रेंज आहे का, आणि कुठल्या कंपनीची, हेही यासाठीच विचारायचं.

शेकोटीबद्दल दोनच वाक्यं. गवतावर पेटवू देऊ नका, आणि बार्बेक्यूची सिगडी, निखारे विझल्यासारखे दिसले तरी, उबेसाठी तंबूत किंवा गाडीत न्यायची नाही. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

कॅराव्हॅनकडे वळू. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, गाड्या भाड्याने मिळतात, पण पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या जोडण्या असलेले खरे कॅराव्हॅन पार्क आपल्याकडे अजून फार थोडे आहेत. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून ‘जिथे आवडेल तिथे थांबू’ असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. इथे कॅराव्हॅनचा मुक्काम म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या रिसॉर्टचं किंवा घरगुती वाडीचं आवार. प्रत्येक रात्रीची जागा आधी फोन करून पक्की करायची.

आणि फोनवर गाडीचा आकार डोळ्यांसमोर ठेवून बोलायचं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी, टपावर एसी, म्हणजे उंची तीन मीटरच्या आसपास जाते. वाडीच्या फाटकाची कमान, रस्त्यावर आलेली फणसाची फांदी, गावातली लोंबती वायर, यांतलं काहीही अडवू शकतं. ‘कार येते’ या उत्तरावर जाऊ नका. विचारा, ‘दुधाचा टेम्पो किंवा शाळेची मिनीबस आत येऊन वळते का?’ ती वळत असेल तर तुमचीही वळेल. जमीन जांभ्याची, घट्ट हवी. पुळणीत गाडी उतरवायचा मोह ड्रायव्हरला झाला तर त्याला तिथेच थांबवा. दर हंगामात कोणाची ना कोणाची गाडी वाळूत रुतते आणि मागून भरती येते.

विजेचं: एसी चालवायला 16 अँपिअरचा पॉइंट हवा, चांगल्या अर्थिंगचा, गाडीपासून जवळ. लांबलचक बारीक वायर जोडली की ती तापते आणि गाडीपर्यंत व्होल्टेज पोचत नाही. फेब्रुवारीत कोकणात रात्री एसी लागत नाही, जाळीच्या खिडक्या पुरतात, तेव्हा जनरेटरवाल्या गाडीसाठी जास्त पैसे मोजू नका. पाण्याची टाकी पाच माणसांच्या आंघोळीला एक दिवसही धड पुरत नाही, आंघोळ वाडीच्या न्हाणीत करायची. गाडीतला संडास फक्त रात्रीपुरता ठेवा. त्याची टाकी कुठे रिकामी करणार हे बुकिंगच्याच फोनवर ठरवा. ती सेप्टिक टँकच्या संडासातच रिकामी व्हायला हवी. वाडीच्या मागे ओतली आणि शेजारी विहीर असली, तर त्या घरात पुढच्या कुणालाही थारा मिळणार नाही, आणि बरोबरच आहे.

मार्गात फेरीबोटी येतील, आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे. मजा असते, अंतर वाचतं. ओहोटीला रॅम्पचा उतार तीव्र होतो आणि लांब गाडीचं मागचं टोक घासतं, म्हणून भरतीच्या आसपासची फेरी धरा. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, सागरी रस्त्यावर तेवढ्याला चार तास लागतात. चार दिवसांत चार मुक्काम करण्यापेक्षा दोनच ठिकाणी दोन-दोन रात्री काढा.

तुमच्यासाठी मी असं ठरवीन. पहिली सहल नागावला, सुट्टीतल्या मंगळवारी, अशा घरगुती वाडीत जिथे अंगणात तंबू लावू देतात आणि एक खोली भाड्याने देतात. आजी खोलीत, तुम्ही चौघं तंबूत. मधल्या रात्री धाकट्याने भोकाड पसरलं तर त्याला आजीच्या कुशीत नेऊन टाकता येतं, आणि पाऊस आला तर पळायला छप्पर आहे. खोली कमोडवाली, तळमजल्याची. दुपारी तीनपर्यंत पोचा, म्हणजे उजेडात जागा नीट बघून हवी तर बदलून मागता येते. अंधारात पोचलेल्याला उरलेली जागा मिळते. पवना नंतर कधीतरी, आठवड्याच्या मधल्या वारी.

कॅराव्हॅनचंही तसंच. चार जणांच्या गाडीत पाच माणसं कोंबू नका. आजी आणि धाकटा गाडीत, एक मोठं माणूस त्यांच्यासोबत, आणि उरलेल्या दोघांसाठी शेजारी छोटा तंबू. नऊ वर्षांच्या पोराला तेच हवं असणार. ड्रायव्हर गाडीसोबतच येतो, त्याच्या झोपायची आणि जेवायची सोय कुठे, हे गाडीवाल्यालाही विचारा आणि वाडीवाल्यालाही. आगाऊ पैसे अर्ध्याच्या वर देऊ नका, आणि पावसाने किंवा आजारपणाने तारीख बदलली तर काय, ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.